मणक्याचे इंजेक्शन आणि विकायला निघालेली बैलजोडी

कापसाने भरलेल्या बंडीवरून किंवा आंब्याच्या झाडावरून माणूस पडला, पाठीला वा डोक्याला जबर मार बसला, की घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. रडारड आणि पैशाची जुळवाजुळव. आमच्या नालवाडीत एका घरची बैलजोडी अशीच विकायला निघाली होती. पोराच्या पायांतली शक्ती गेलेली. कोणी तरी सांगितले, बाहेरगावी नवे इंजेक्शन मिळते, त्याने मज्जारज्जू पुन्हा जुळतो.

मी डॉक्टर नव्हे, शेतीखात्यातला माणूस. पण चाचणी म्हणजे काय हे शेतकरी बंधूंना वेगळे शिकवावे लागत नाही. नव्या खताचा गुण पाहायचा तर एका वाफ्यात खत टाकावे, शेजारचा तसाच ठेवावा. शेजारचा वाफा नसेल तर पीक खताने आले की पावसाने, हे कळायचे कसे? माणसाच्या औषधाचेही तसेच आहे.

मणक्याच्या मारावर मेथिलप्रेडनिसोलोन हे औषध आठ तासांच्या आत मोठ्या मात्रेत दिले तर थोडा गुण येतो, असे १९९० साली अमेरिकेतून प्रसिद्ध झाले आणि जगभर ते टोचले जाऊ लागले. पुढे दिसले की गुण फारच थोडा, उलट जंतुसंसर्ग आणि पोटातील रक्तस्राव यांचा धोका. आता ते सरसकट देत नाहीत. डोक्याच्या मारात तर विपरीतच निघाले. हेच औषध १०,००८ रुग्णांत तपासले गेले. २००४ साली निकाल आला : औषध मिळालेल्यांत दोन आठवड्यांत शंभरी २१ दगावले, न मिळालेल्यांत १८. शेजारचा वाफा होता म्हणून हे उमगले.

एक औषध मात्र काही अंशी उतरले. ट्रानेक्झॅमिक ॲसिड. रक्तस्राव आवरणारे, स्वस्त, जपानात शोधलेले. २०१९ च्या मोठ्या चाचणीत, मार लागल्यापासून तीन तासांत दिल्यास डोक्याच्या हलक्या व मध्यम दुखापतीत मृत्यू कमी झालेले दिसले. अतिगंभीर दुखापतीत फायदा दिसला नाही. म्हणून वेळ मोलाची. देवऋषी, मांत्रिक यांच्याकडे ती घालवू नये.

तुटलेला मज्जारज्जू जोडणारे सिद्ध औषध आजही नाही. स्टेम सेलचा उपचार यासाठी अजून संशोधनातच मोडतो. खरी चाचणी असेल तर ती सरकारी नोंदणीत असते (२००९ पासून हे सक्तीचे आहे), संमतीपत्र समजेल अशा भाषेत वाचून दाखवतात आणि चाचणीच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पैसे मागितले की उठावे. शंका असेल तर सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जाऊन विचारावे.

त्या घरच्यांनी विचारले. बैलजोडी दावणीलाच राहिली.

मार लागलेल्याला हातापायांनी उचलून बंडीत दुमडू नये. मान-पाठ सरळ ठेवून चौघांनी एकदम उचलावे, दाराच्या फळीवर किंवा घट्ट विणीच्या बाजेवर घ्यावे, १०८ ला फोन करावा. पुढे घरी आणल्यावर दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, कंबर आणि टाचा रोज पाहाव्यात. चट्टा लाल दिसला की त्या जागेवरचा भार काढावा. एकदा जखम पडली की ती भरायला महिने लागतात.