माळ अशी तुटत नाही

जत्रांचा हंगाम आला की पारनेर तालुक्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: "रस्सा पोटात गेला, माळ तुटली." यंदाही ऐकलं. पंगतीत वाढप्याने मटणाच्या रश्श्याचा डाव माळकऱ्यांच्या आमटीत बुडवला. आमच्या भावकीतल्या तात्यांना दुसऱ्या घासाला वास आला. ते उठले, चूळ भरली, माळ काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली. शेजारचा म्हणाला, "तात्या, आता देवळात ठेवून या ती. संपलं तुमचं माळकरीपण." पंधरा वर्षांत तात्यांची एकादशी चुकली नव्हती. त्या आठवड्यातली त्यांनी केली नाही.

माळ घालताना माणूस काय कबूल करतो, हे बोलणाऱ्यांना ठाऊक तरी आहे का? तुळशीची माळ ज्ञानेश्वरीला किंवा देवाच्या पायाला लावून जाणता वारकरी ती गळ्यात घालतो. मद्य-मांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान, एकादशी, रोजचा हरिपाठ, पंढरीची वारी, असे ते नेम. त्यातला एक अजाणता मोडला, म्हणून बाकीचे सगळे मुद्दाम मोडायचे, हा कुठला न्याय? तात्यांच्या पोटात रस्सा गेला तो वाढप्याच्या चुकीने. एकादशी मात्र गावाच्या जिभेने मोडली.

संप्रदायात सगळ्यांना लागू असं शिक्षेचं पुस्तक नाही, फडाफडाची रीत निराळी. म्हणूनच विचारायचं ते ज्यांच्या हातून माळ घातली त्यांना, पारावर बसलेल्यांना नव्हे. अजाणता घडलं तर आंघोळ करून देवापुढे चूक सांगायची आणि नेम पुढे चालू ठेवायचा, हेच बहुतेक जण सांगतात. जाणूनबुजून सोडलेली माळसुद्धा पुन्हा घालून घेणारे गावोगाव आहेत. आणि ज्या तालुक्यात पिंपळनेरला तुकोबांचे शिष्य निळोबाराय यांची समाधी आहे, तिथल्या माणसांनी वारकऱ्याला माळ उतरवायला सांगावी, याचं फार वाईट वाटतं.

हाच प्रश्न अमृत घेतलेल्या, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांनाही पडतो. त्यांच्याकडे उत्तर लेखी आहे. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने 1945 साली मंजूर केलेल्या 'सिख रहत मर्यादे'त चार गोष्टी कडक निषिद्ध आहेत: केस कापणं, कुठ्ठा म्हणजे मुस्लिम पद्धतीने कापलेलं मांस, व्यभिचार आणि तंबाखू. म्हणजे तिथे सरसकट मांसबंदी असते, हाही आपल्याकडचा एक गैरसमजच. काही जथे मांस पूर्ण वर्ज्य मानतात ते निराळं, आणि नांदेडच्या हजूर साहिबचीही स्वतःची परंपरा आहे. या चारांपैकी काही घडलं तर पुन्हा अमृत घ्यायचं. आणि नकळत, हेतू नसताना घडलं असेल तर तो दंडाला पात्र नाही, असं त्याच नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे. परतीची वाट नियमातच आखून ठेवली आहे.

बाकीचे समज थोडक्यात. दोरा तुटला म्हणजे नेम तुटला, असं नाही. दोरा झिजतोच, मणी वेचून पुन्हा ओवायचे. कांदा-लसूण खाल्ल्याने माळ बाटत नाही. कांदा अनेक घरांत चातुर्मासापुरता बंद असतो, म्हणून तर आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी होते. बायकांना माळ घालता येत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा दिंडीत चालून पाहावं. केकमध्ये अंडं आहे की नाही ते पाकिटावरच कळतं, अंडं असलेल्या पदार्थाला हिरवी खूण लावता येत नाही. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनवलेलं असतं, ही शंका मात्र खरी आहे. पण त्यासाठी औषध बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, पुष्कळदा तेच औषध गोळीत किंवा पातळ स्वरूपात मिळतं.

तात्यांची माळ अजून सदऱ्याच्या खिशातच आहे. येत्या एकादशीच्या आत त्यांना माळ घालणाऱ्या महाराजांकडे घेऊन जाणार आहे.