जोडीजोडीचा हिशोब ठेवणारं मत्स्यकेंद्र! धरणाच्या पायथ्याशी सरकारी जीवशास्त्रज्ञ नेमकं काय करतात?

पाऊस बरा झाला, शेततळं भरलं की मत्स्यबीजाची शोधाशोध सुरू होते. कटला, रोहू, मृगळ, कुणी सायप्रिनस टाकतं. केंद्रावर जायचं, जिरे वाटीने किंवा बोटुकली नगावर मोजून घ्यायची, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या टेम्पोत ठेवायच्या आणि ऊन चढायच्या आत तळं गाठायचं. त्या पिल्लाची आई कोण, बाप कोण, हे कुणी विचारत नाही. विचारायची गरजही नसते, कारण आठ-दहा महिन्यांनी तो मासा बाजारातच जाणार असतो.

पण सरकारी मत्स्यकेंद्राचा आणखी एक प्रकार आहे. तिथला मासा विकायचा नसतो, नदीतून संपत चाललेली जात टिकवायची असते. तिथे आई-बापाची नोंद हीच सगळ्यात महत्त्वाची. असं केंद्र चालवणाऱ्या जीवशास्त्रज्ञाचं काम बियाणं कंपनीपेक्षा गावरान वाण जपणाऱ्या शेतकऱ्याच्या कामाशी जास्त जुळतं. या कामाचं जगातलं एक ठळक उदाहरण अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात आहे. तिथे मासा, धरण आणि शेतीचं पाणी अशी तिन्हींची गाठ पडलेली असल्याने आपल्याकडच्या लाभक्षेत्रातल्या माणसाला ही गोष्ट लगेच समजेल.

हिवाळी चिनूक: एकाच नदीतला मासा

कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला सॅक्रामेंटो नावाची मोठी नदी आहे. तिच्यात चिनूक सॅमन हा मासा येतो. (आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकतात, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.) सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि बहुतेक करून तिसऱ्या वर्षी जन्माच्या नदीत परत येतो. तिथे अंडी देतो आणि मरतो. अंडी देऊन पुन्हा समुद्रात जाणं त्याच्या नशिबी नाही.

सॅक्रामेंटोत चिनूकचे चार हंगाम आहेत. जशी खरीप ज्वारी वेगळी आणि रब्बी ज्वारी वेगळी, पीक एकच पण वाण निराळे, तसंच हे. त्यातला हिवाळी चिनूक हिवाळ्यात नदीत शिरतो आणि अंडी मात्र ऐन उन्हाळ्यात देतो. हा हिवाळी वाण जगात दुसऱ्या कुठल्याही नदीत नाही.

उन्हाळ्यात अंडी द्यायची तर पाणी बर्फासारखं गार पाहिजे. पाणी साधारण १३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की अंडी मरू लागतात, आणि त्या भागात उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो. म्हणून हा मासा पूर्वी डोंगरात वर, मॅक्लाउडसारख्या झऱ्याच्या पाण्यावर वाहणाऱ्या नद्यांत चढत जायचा.

मग धरण झालं. शास्ता धरणाचं बांधकाम १९३८ ते १९४५ या काळात झालं. उंची १८३ मीटर, म्हणजे आपल्या कोयनेच्या जवळपास पावणेदोन पट. साठा सुमारे १९८ टीएमसी, म्हणजे दोन कोयनांना थोडा कमी. माशाला वर जायची वाट कायमची बंद झाली. धरणाच्या तळातून सुटणारं गार पाणी होतं म्हणून काही वर्षं तो धरणाखालीच कसाबसा तगला. १९६९ साली सुमारे १ लाख १७ हजार मासे परत आले होते. १९९४ साली २०० सुद्धा आले नाहीत. त्याच वर्षी केंद्र सरकारने त्याला ‘नष्ट होण्याच्या मार्गावर’ असलेल्या जातींच्या यादीत घातलं.

पहिला प्रयत्न फसला तो पाण्याच्या वासाने

सरकारी जीवशास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच हा मासा केंद्रात वाढवायला घेतला होता. बॅटल क्रीक नावाच्या उपनदीवर कोलमन हे जुनं सरकारी केंद्र होतं, तिथे सोय तयार होती. पिल्लं चांगली वाढली, सॅक्रामेंटोत सोडली. पण मोठी होऊन समुद्रातून परत आली तेव्हा ती मुख्य नदीत थांबलीच नाहीत. सरळ बॅटल क्रीकमध्ये शिरली.

सॅमन पिल्लू असताना ज्या पाण्यात वाढतो त्याचा वास त्याच्या डोक्यात पक्का बसतो. हजारो किलोमीटर फिरून आला तरी तो नाकाने घर शोधतो. पिल्लं सॅक्रामेंटोत सोडली असली तरी त्यांचं घर बॅटल क्रीक झालं होतं. दुसरी चूक त्याहून मोठी होती. पकडलेल्या नर-माद्यांत काही वसंती हंगामाचे मासे मिसळले होते. दिसायला दोन्ही सारखेच. म्हणजे जो वाण शुद्ध ठेवायचा त्यातच भेसळ झाली. १९९६ आणि ९७ ला नवे मासे पकडणं थांबवण्यात आलं.

त्यानंतर नवीन केंद्र बांधलं ते थेट शास्ता धरणाच्या पायथ्याशी, धरणातलंच पाणी घेऊन. लिव्हिंगस्टन स्टोन राष्ट्रीय मत्स्यकेंद्र हे त्याचं नाव. लिव्हिंगस्टन स्टोन यांनी १८७२ मध्ये याच भागात, मॅक्लाउड नदीवर सॅमनची अंडी गोळा करणारं सरकारी केंद्र सुरू केलं होतं. ती जागा आज शास्ताच्या जलाशयाखाली आहे.

वर्षभराचं काम

केंद्राच्या खाली साधारण १५ किलोमीटरवर केसविक हे दुसरं, छोटं धरण आहे. वर येणारे मासे तिथे अडतात. तिथल्या पिंजऱ्यात मासे पकडायचे आणि पाण्याच्या टाकीच्या ट्रकने केंद्रात आणायचे. प्रत्येक माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापून डीएनए तपासणीला पाठवतात. हिवाळी वाणाचा आहे असा अहवाल आला तरच त्याला ठेवायचं, नाहीतर परत नदीत. १९९० च्या दशकातल्या भेसळीतून घेतलेला हा धडा आहे.

किती पकडायचे यालाही बंधन आहे. नेहमीच्या वर्षी अंदाजित संख्येच्या १५ टक्के, आणि जास्तीत जास्त १२० मासे. म्हणजे फार तर ६० माद्या. सगळेच पकडून केंद्रात आणले आणि तिथे रोग आला किंवा पंप बंद पडला तर जातच संपेल, म्हणून बहुतेक मासे नदीतच राहू द्यायचे.

खरी कसोटी जोडी लावण्यात आहे. बीज विकणारं केंद्र मोठे, तजेलदार ब्रूडर निवडतं. इथे तसं करायला मनाई! मोठा तोच चांगला असं धरून दरवर्षी निवड केली तर काही पिढ्यांत मासा टाकीत जगायला लायक आणि नदीत जगायला नालायक होतो. म्हणून लहान-मोठा न बघता शक्य तितक्या वेगवेगळ्या जोड्या लावतात. एका मादीच्या अंड्यांचे दोन भाग करून प्रत्येक भागाला वेगळा नर देतात, म्हणजे एक नर कमजोर निघाला तरी मादीचा वंश बुडत नाही. एका मादीची साधारण चार-पाच हजार अंडी असतात. त्यांचे ट्रे वेगळे आणि नोंदही वेगळी ठेवतात.

पुढचं काम आपल्याकडच्या केंद्रासारखंच. मेलेली अंडी रोज वेचायची, कारण एका अंड्याची बुरशी सगळ्या ट्रेला लागते. पाण्याचं तापमान बघायचं, खाद्य द्यायचं, टाक्या घासायच्या. रात्री पाणी कमी झाल्याचा भोंगा वाजला तर उठून पळायचं. पदवी जीवशास्त्राची असली तरी अंगावर गमबूट आणि हातात जाळीच असते. उरलेला वेळ कागदांत जातो. यादीतल्या माशाला हात लावायचा तर परवानगी लागते, आणि किती पकडले, किती मेले, किती सोडले याचा हिशोब द्यावा लागतो.

सोडण्याआधी प्रत्येक पिल्लाच्या पाठीवरचा, शेपटीजवळचा मांसल पर कापतात आणि नाकाडात तांदळाच्या कणीपेक्षाही लहान तारेचा तुकडा बसवतात. त्यावर क्रमांक असतो. तीन वर्षांनी मासा सापडला की तो कुठल्या तुकडीचा हे कळतं. नेहमीच्या वर्षी सुमारे दोन लाख पिल्लं सोडतात आणि एकूण एक खुणेची असतात. सोडायची वेळ जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, वादळी पावसाच्या आगेमागे, शक्यतो सांजवेळी. पाणी गढूळ असलं की मोठ्या माशांना आणि पक्ष्यांना पिल्लं दिसत नाहीत. आपल्याकडे बीज सोडताना निवळ पाणी बघतात, तिथे गढूळ पाण्याची वाट बघतात.

कावेरीत काय झालं

वाणाची एवढी काटेकोर काळजी कशाला, असं वाटू शकतं. उत्तर आपल्या जवळच आहे. लोणावळ्याच्या केंद्रात दख्खनी महासीर, म्हणजे आपला खडस, कृत्रिम पद्धतीने तयार करण्याचं काम गेल्या शतकात यशस्वी झालं. ते काम मोठंच होतं. तिथली पिल्लं देशात अनेक ठिकाणी दिली गेली, तशी कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. पण कावेरीचा स्वतःचा महासीर वेगळा होता, पाठीला कुबड असलेला, माणसाएवढा वाढणारा. बाहेरून आलेल्या निळसर पराच्या माशाने तिथे जम बसवला आणि कुबडवाला मागे पडत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून होणारी मासेमारी ही कारणंही होतीच. २०१८ मध्ये त्याची गणना जगातल्या अतिसंकटग्रस्त जातींत झाली. कुणाचा हेतू वाईट नव्हता. चांगला मासा होता, पण नदी चुकीची होती.

मासे वाढवणारा एक, पाणी सोडणारा दुसरा

आता मूळ दुखणं. केंद्र कितीही चांगलं चाललं तरी सोडलेल्या माशाने नदीतच अंडी दिली पाहिजेत, आणि त्यासाठी उन्हाळाभर गार पाणी पाहिजे. शास्ताच्या जलाशयात वरचं पाणी तापतं, तळाचं गार राहतं. तळाचं गार पाणी पुरवून पुरवून वापरता यावं म्हणून १९९७ मध्ये धरणाला मोठी यंत्रणा बसवली. हव्या त्या खोलीवरचं पाणी घेता येतं आणि वीजनिर्मितीही बंद पडत नाही.

पण धरणच भरलं नाही तर? २०१४ आणि २०१५ मध्ये तेच झालं. दुष्काळात साठा घटला, गार पाणी हंगाम संपायच्या आत संपलं आणि नदीतली सुमारे ९५ टक्क्यांहून जास्त अंडी व पिल्लं दोन्ही वर्षं मेली. केंद्रात पाणी गार करणारी यंत्रं लावली, नेहमीपेक्षा जास्त मासे पकडले आणि २०१५ च्या सुरुवातीला सुमारे सहा लाख पिल्लं सोडली. काही पिल्लं तर समुद्रात न सोडता केंद्रातच मोठी करायला ठेवली, सगळंच बुडालं तर हाताशी बियाणं असावं म्हणून.

इकडे खालच्या खोऱ्यात भात आणि बदामाचे शेतकरी पाण्याची वाट बघत होते. गार पाणी सप्टेंबरपर्यंत पुरवायचं म्हणजे उन्हाळ्यात जपून सोडायचं, आणि शेतीला तर पाणी उन्हाळ्यातच पाहिजे. आवर्तनावरून आपल्याकडे होते तीच ओढाताण. २०२२ च्या दुष्काळात त्या खोऱ्यातली जवळपास निम्मी भातजमीन पेरलीच गेली नाही. शेतकऱ्यांचं म्हणणं, मासा जगवताना आमचं पोट बघा. मच्छीमार म्हणतात, सॅमन संपला तर आमच्या होड्या कुठे न्यायच्या? दोघांचंही खोटं नाही. केंद्रातल्या जीवशास्त्रज्ञाच्या हातात मात्र धरणाचं दार नसतं. ते दुसऱ्या खात्याकडे. आपण वाढवलेली पिल्लं ज्या पाण्यात जाणार ते कसं असेल, हे त्याला बैठकीत बसून ऐकावं लागतं.

कधी संकट समुद्रातूनही येतं. २०२० च्या सुरुवातीला त्या भागातल्या केंद्रांत पिल्लं गोल गोल गिरक्या घेऊन मरायला लागली. रोग सापडेना. शेवटी कळलं की समुद्रात सॅमनने जवळपास एकाच प्रकारचा बारीक मासा, अँकोव्ही, खाल्ला होता. त्यात बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. मादीतच कमतरता, म्हणून अंड्यांत कमतरता. पिल्लांना बी-१ मिसळलेल्या पाण्यात ठेवलं तशी ती सावरली, आणि माद्यांना त्याचं इंजेक्शन द्यायला सुरुवात झाली.

आपल्याकडे अशा कामाची वाट बारावी विज्ञानात जीवशास्त्र घेऊन मत्स्यशास्त्राच्या पदवीकडे जाते. रत्नागिरीत शिरगाव, तसंच नागपूर आणि लातूर जिल्ह्यात उदगीर इथे सरकारी मत्स्य महाविद्यालयं आहेत. हिमालयातल्या सोनेरी महासीरवर उत्तराखंडात भीमताल इथे केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेत काम चालतं.

तिकडे कॅलिफोर्नियात आता दोन नव्या जागा धरल्या आहेत. पहिली बॅटल क्रीक, तीच जिथे १९९० च्या दशकात मासे चुकून गेले होते. तिथलं पाणी गार आहे, म्हणून २०१८ पासून पिल्लं मुद्दाम त्याच पाण्यात सोडली जातात, परत तिथेच यावीत म्हणून. त्यातले काही मोठे होऊन आलेही. दुसरी जागा धरणाच्या वरची मॅक्लाउड. २०२२ च्या उन्हाळ्यात लिव्हिंगस्टन स्टोन केंद्रातली सुमारे ४० हजार अंडी दोन खेपांत तिथे नेली. तिथल्या विन्नेमेम विंटू या आदिवासी जमातीची माणसं अंड्यांच्या राखणीला बसली होती. जुन्या केंद्रातून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूझीलंडला अंडी पाठवली होती, त्यांचे वंशज तिथल्या नद्यांत अजून आहेत. ते घरी आणा, अशी या जमातीची मागणी आहे. मॅक्लाउडमधली पिल्लं धरण ओलांडू शकत नाहीत, म्हणून ती खाली पकडून ट्रकने धरणाच्या पलीकडे सोडावी लागतात. ऐंशी वर्षांत पहिल्यांदाच त्या नदीत हिवाळी चिनूकची अंडी फुटली.