पुराआधीची वही

गावच्या आशाताईच्या, म्हणजे आशा स्वयंसेविकेच्या, वहीत घटस्थापनेच्या सुमाराची एक तारीख पडते: 1 ऑक्टोबर, शेवटची पाळी. ती त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवते. 8 जुलै. त्या दिवसांत पुनर्वसू नक्षत्र असतं, म्हणजे तरणा पाऊस. आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना एका बाळंतपणाची पावसाशी पडणारी गाठ कागदावर दिसू लागते! वेधशाळाही इतक्या आधी एखाद्या घरापुरतं बोलत नाही.

मेहकरच्या नकाशावर बोट ठेवलं की या वहीचं मोल कळतं. अजिंठ्याच्या डोंगरात, बुलढाण्याजवळ उगम पावलेली पैनगंगा पेनटाकळी धरणातून इकडे येते. धरण भरलं की दरवाजे उघडतात, काठच्या गावांना सतर्कतेचा इशारा जातो. धडधाकट माणूस तो ऐकून उंचावर जातो. ज्याला ऐकूच येत नाही त्याचं काय? अंथरुणाला खिळलेल्या आजीचं काय? इशारा साऱ्या गावाला मिळतो, पण आजीला खांद्यावर घेणारा माणूस नावानिशी ठरलेला असावा लागतो. आपत्तीची तयारी म्हटली की आपल्याला बोटी आणि दोरखंड आठवतात. मला मात्र अशा वहीतली ‘कोण कुणाला उचलणार’ ही यादीच सगळ्यात थोर वाटते.

त्या यादीत क्षयरोगीही हवा. त्याचा औषधोपचार सहसा सहा महिने चालतो आणि खंड पडला तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून रस्ता तुटण्याआधीच गोळ्या त्याच्या घरात पोचलेल्या बऱ्या.

गडचिरोलीत भामरागडजवळ पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की पलीकडची गावं तुटतात. तिथे बाळंतीण होणाऱ्या बाईला कळा सुरू व्हायची वाट पाहत नाहीत. दिवस भरत आले की तिला आधीच आरोग्य केंद्राजवळ आणतात. आदिवासी भागांत यासाठी शासनाने केंद्राच्या आवारातच खोल्या दिल्या. सोबतीला घरचं माणूसही राहू शकतं. योजनेचं नाव ‘माहेरघर’. सरकारी कागदावर इतका मायेचा शब्द क्वचितच उमटतो.

आणि खऱ्या माहेराचा हिशेब तर आणखी नाजूक. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून पोर निघून जाते आणि सासरच्या गावची यादी तिथेच शिळी होते. सासर टेकडीवर आणि माहेर नदीकाठी असलं तर? मग सासरच्या आशाताईने माहेरच्या आशाताईला फोन करावा लागतो: आमची एक पोर तुमच्याकडे येतेय, दिवस 8 जुलैचे, रक्त कमी आहे. पलीकडे वही उघडते, नाव लिहिलं जातं. मग पलीकडची ताई विचारते, ‘घर नदीपासून किती लांब?’