रंगांची राखण

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. पण त्याचा उगम पोथ्यांत आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी असते. लेखनिकाकडून अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ते झाकले जाई. दंड, श्लोकांक, अध्यायसमाप्तीची ओळ हे मात्र तांबड्या शाईने किंवा गेरूने खुलवीत. शब्द सलग लिहिलेले असत; वाचणाऱ्याची नजर त्या खुणांवर क्षणभर विसावे. रंग तेथे शोभेसाठी नव्हता, तो वाचनाचा आधार होता.

आपल्या हैदराबादकर मराठी घरांतील मुले-मुली आज हायटेक सिटीत आणि गच्चीबावलीत बसून संगणकाचे प्रोग्रॅम लिहितात. त्यांच्या पडद्यावर डोकावले तर हीच रीत नव्या रूपात भेटते. काळसर पाटीवर कोठे जांभळी, कोठे हिरवी, कोठे करडी अक्षरे. मूळ प्रोग्रॅममध्ये मात्र रंगाचा लवलेश नसतो. तो लिहिण्याचे जे साधन, एडिटर, ते प्रत्येक शब्दाचे व्याकरण चालविते. ‘रामाने : विशेषनाम, तृतीया, एकवचन’ असे आपण शाळेत सांगत असू, तसेच ते सांगते : हे क्रियेचे नाव, ही संख्या, हा अवतरणातील मजकूर, ही लिहिणाऱ्याची टीप. मग ‘थीम’ नावाची एक स्वतंत्र यादी असते. कोणत्या नावास कोणता रंग, हे तीत लिहिलेले असते.

अशी यादी करणे हा पोरखेळ नव्हे. ईथन शूनोव्हर यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सोलराइज्ड’ या थीममध्ये अवघे १६ रंग आहेत. परंतु पार्श्वभूमी उजळ असो वा गडद, अक्षर डोळ्यांस खुपू नये आणि अंधुकही होऊ नये, अशा बेताने ते मोजून निवडलेले आहेत. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर निदान ४.५ : १ असावे, असा संकेतस्थळांवरील साध्या मजकुराविषयीचा मान्य दंडक आहे. ज्यांना तांबडा आणि हिरवा यांतील भेद दिसत नाही, अशांचाही विचार करावा लागतो. पुरुषांत हे प्रमाण स्त्रियांपेक्षा बरेच अधिक असते.

खरी अडचण पुढेच आहे. थीमचा कर्ता एक, व्याकरण चालविणारे दुसरेच. आणि दोघांमधला धागा केवळ नावांचा. निओव्हिम हा एडिटर घ्या. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘विम’पासून २०१४ मध्ये त्याची वेगळी शाखा निघाली. २०२४ च्या जानेवारीत त्याला जोडून वापरल्या जाणाऱ्या ‘ट्री-सिटर’ या व्याकरणव्यवस्थेतील अनेक नावे बदलली. पूर्वी जे ‘पॅरामीटर’ होते ते ‘व्हेरिएबल-डॉट-पॅरामीटर’ झाले, ‘फील्ड’चे ‘व्हेरिएबल-डॉट-मेंबर’ झाले. हेतू चांगला होता, नावांत शिस्त यावी हाच. परंतु ज्या थीममध्ये जुनेच नाव लिहिलेले, तेथे काय घडले? चुकीची सूचना नाही, घंटा नाही. तो शब्द आपला मुकाट्याने सामान्य चलाचा रंग लेवून बसला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ०.१० ही आवृत्ती आली आणि एडिटरचे मूळचे रंगही बदलले. काही रंग स्वतः सांगून उरलेल्यांसाठी मूळच्या रंगांवर विसंबणाऱ्या थीम त्यामुळे विजोड दिसू लागल्या. जुने रंग ‘विम’ या नावाने राखून ठेवले होते, ही शहाणपणाची गोष्ट.

माझा एक जुना विद्यार्थी फावल्या वेळात अशीच एक थीम सांभाळतो. मोबदला शून्य. कोणता एडिटर, ते येथे महत्त्वाचे नाही; पण अशाच एका बदलानंतर त्याचे लागोपाठ काही रविवार त्या यादीत गेले. प्रथम त्याने प्रत्येक भाषेतील एकेक नमुना उघडून जुन्या आणि नव्या आवृत्तीतील पडदे शेजारी ठेवून पाहिले. मग नवी नावे लिहिली, पण जुनी काढली नाहीत. कारण कित्येकांच्या कचेरीत नवी आवृत्ती वर्ष-वर्ष बसवीत नाहीत. “सर, रंग बदलायचे नाहीत, हेच सगळे काम आहे,” असे तो म्हणाला. परीक्षकाच्या वृत्तीने मला हे उत्तर पूर्ण गुणांचे वाटले.

मराठीलाही असा प्रसंग येऊन गेला आहे. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी १९६२ मध्ये आपले बरेचसे अनुस्वार उतरविले, १९७२ मध्ये आणखी चार नियम जोडले. तरी ‘नांव’ छापलेले जुने पुस्तक काढले तर ते आजही सुखाने वाचता येते. ते पुन्हा छापण्याची गरज कोणास भासत नाही, कारण मधली तडजोड वाचकाचा डोळा करतो. यंत्राला ही तडजोड करता येत नाही. त्याच्यासाठी ‘नांव’ आणि ‘नाव’ हे दोन परके शब्द. ती सोयरीक कोणी तरी बसून, ओळीने, हाताने जुळवावी लागते.

त्या विद्यार्थ्यापुढे सध्या एकच प्रश्न उरला आहे. टिपांचा करडा रंग त्याला आवडतो. पण गुणोत्तर मोजले तर तो ४.५ च्या खाली भरतो. उजळ करावा, तर सरावलेले लोक कुरकुरणार. तसाच ठेवावा, तर मंद दृष्टीच्या माणसाला टीप वाचता येणार नाही. मी उजळ करण्याच्या बाजूने मत दिले. त्याने अजून काही ठरविलेले नाही.