यंत्राचे भाग धुताना

शिराळे म्हटले की नागपंचमी आठवते. नागाचे विष आपण ओळखतो, त्याला भितो आणि त्याच्यापासून चार हात दूर राहतो. पण काही विषे अशी आहेत की ती पत्र्याच्या पिंपात भरून विकत मिळतात, दिसायला पाण्यासारखी स्वच्छ असतात, वासाला किंचित गोडसर असतात, आणि आपण ती चक्क सफाईसाठी वापरतो. लोखंडी भागांवरचे तेल आणि ग्रीस काढण्यासाठी कारखान्यांत जी द्रावके वापरतात, त्यांच्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

हा कारखानदारांचा प्रश्न, आपल्याला त्याचे काय, असे एखाद्याला वाटेल. पण १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोडच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हापासून यंत्र ही आपल्या भागाला परकी वस्तू राहिलेली नाही. आज शिराळ्याला औद्योगिक वसाहत आहे, आणि ट्रॅक्टर-मोटारसायकली दुरुस्त करणारी गॅरेजे तर फाट्याफाट्यावर दिसतात. जिथे लेथ फिरते तिथे तेल आले, आणि जिथे तेल आले तिथे ते काढणेही आले. धातूवर तेलाचा नुसता पापुद्रा राहिला, तरी त्यावर रंग धरत नाही की मुलामा बसत नाही.

हे तेल काढायचे कसे? पहिला उपाय रॉकेलचा आणि पेट्रोलचा. तेलाला तेलच विरघळवते, हे गॅरेजमधल्या पोरालाही ठाऊक असते. अडचण आगीची. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतसुद्धा ठिणगीने पेटते. रॉकेलसाठी आपल्याकडच्या मानकाने ही मर्यादा किमान ३५ अंशांची ठेवली आहे. म्हणजे त्याच्याखाली त्याची वाफ पेटू नये. पण चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये ३५ अंश म्हणजे काही विशेष नव्हे!

मग न पेटणारे द्रावक शोधले गेले. कार्बन टेट्राक्लोराईड आणि ट्रायक्लोरोएथिलीन ही त्यांतली दोन ठळक नावे. आगीचे भय गेले, तेल झटकन निघू लागले, भागही लगेच वाळू लागला. यंत्रभागांखेरीज मागावरच्या कापडाला पडलेले तेलाचे डाग काढायलाही आपल्या देशात कार्बन टेट्राक्लोराईड वापरले जाई. पण या द्रवाने यकृत आणि मूत्रपिंडे बिघडतात. शिवाय त्याची वाफ वर जाऊन, सूर्याच्या घातक किरणांपासून आपल्याला वाचवणारा ओझोनचा थर खाते. १९८७ साली माँट्रियल येथे या थराच्या रक्षणाचा करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला, आणि २०१० च्या आरंभापासून अशा वापरासाठी कार्बन टेट्राक्लोराईड आपल्याकडे बंद झाले.

ट्रायक्लोरोएथिलीनचे काय झाले? २०१२ साली कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने त्याचे सर्व उपयोग टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम काढला. त्याला पर्याय म्हणून काही ठिकाणी प्रोपिल ब्रोमाईड आले, तर त्याच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या मज्जातंतूंना इजा होते असे आढळले. याला आपण आगीतून फुफाट्यात म्हणतो. दर वेळी एकच गुण पाहून द्रावक निवडले गेले, आणि त्या गुणामागे दडलेला दोष कामगाराच्या वाट्याला आला.

मी शिकवतो अर्थशास्त्र, म्हणून हिशेबाच्या बाजूनेही पाहतो. उघड्या ट्रेमधून उडून गेलेले द्रावक हा पैसाच उडालेला असतो. पण त्याची खरी किंमत पिंपाच्या बिलावर कधीच नसते. ती किंमत श्वासावाटे चुकती होते आणि पाण्यावाटेही. ट्रायक्लोरोएथिलीन पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड आहे. शेडच्या मागे मातीत ओतले तर ते झिरपत भूजलापर्यंत जाते, त्याच्याही तळाशी उतरते आणि वर्षानुवर्षे तिथून विहिरीच्या पाण्यात मिसळत राहते. रॉकेल आणि काळे तेल हलके, म्हणून ते ओढ्यावर तरंगत पुढे जाते. आपली मोरणा वारणेला मिळते, वारणा हरिपूरजवळ कृष्णेला मिळते, आणि कृष्णेचे पाणी पुढची माणसे पितात. तेव्हा ‘मागच्या ओढ्यात टाकले’ म्हणजे ते संपले, असे होत नाही.

मग करावे काय? पहिला प्रश्न असा की, हा भाग धुतलाच पाहिजे का? पुष्कळदा एकच भाग दोन कामांच्या मधे उगाच धुतला जातो. तेल कमी लावले, भाग निथळू दिला, झाकून ठेवला, तर निम्मे काम तिथेच वाचते.

दुसरा प्रश्न, मळ कसला आहे? पाण्यात मिसळणारे कूलंट असेल तर त्याला द्रावकाची गरजच नाही. घट्ट ग्रीस असेल तर आधी लाकडी पट्टीने खरवडून काढावे.

तिसरा प्रश्न, पाण्याने भागेल का? बहुतेक ठिकाणी भागते. गृहिणी तेलकट कढई रॉकेलने घासत नाही. गरम पाणी आणि सोडा वापरते. तोच न्याय इथे लावायचा. ५० ते ७० अंशांचे पाणी, त्यात योग्य क्षारयुक्त साबणद्रव्य, वर ब्रशची किंवा जोरदार फवाऱ्याची जोड. बारीक छिद्रांच्या भागांसाठी ध्वनिलहरींनी पाणी थरथरवणारी टाकी मिळते. मात्र अॅल्युमिनियमला तीव्र क्षार खातो, त्याला सौम्य द्रव्य हवे.

पाण्यालाही दोष आहेत, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाणी तापवायला इंधन लागते. लोखंड गंजते, म्हणून भाग लगेच गरम हवेने वाळवावा लागतो किंवा शेवटच्या पाण्यात गंजरोधक घालावे लागते. आणि धुतलेले पाणी उरते. त्यावर तरंगणारे तेल काढून घेतले तर तेच पाणी पुष्कळ दिवस वापरता येते. पण शेवटी ते प्रक्रिया केल्याशिवाय गटारात सोडू नये. काढलेले तेल, तळचा गाळ आणि वापरून झालेले द्रावक २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतात. ते अधिकृत माणसाकडेच द्यायचे असतात.

जिथे पाणी चालतच नाही, तिथे सहज न पेटणारे, कमी उडणारे द्रावक झाकणाच्या टाकीत वापरावे. सोयाबीनच्या तेलापासून केलेले द्रावकही असते. ते सावकाश वाळते, पण त्याची वाफ फार थोडी. संत्र्याच्या सालीतले द्रावक वासाला सुरेख, तरीही ते पेटते, आणि हवेत जुने झाले की कातडीला खाज आणते. झाडापासून आले म्हणजे निरुपद्रवी झाले, असे समजू नये.

आणि उद्यापासून सगळे बदलणे ज्याला शक्य नाही, त्याने निदान इतके करावे. टाकीवर झाकण ठेवावे. द्रावकाने हात धुऊ नयेत. ट्रायक्लोरोएथिलीनच्या जवळपास वेल्डिंग करू नये, कारण त्या उष्णतेने त्याच्या वाफेतून फॉस्जीन नावाचा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. ही वाफ हवेहून जड असते, खड्ड्यात साचते. तेव्हा अशा खड्ड्यात कोणाला एकाएकी उतरवू नये.

नवे पिंप मागवाल, तेव्हा दुकानदाराकडे दरपत्रकाबरोबर त्या मालाचे सुरक्षा-माहितीपत्रकही मागा. आत काय आहे, ते किती अंशांना पेटते, श्वासात गेले तर काय होते, हे त्यात लिहिलेले असते. ते स्वतः वाचा, आणि टाकीपाशी उभा राहून दिवसभर भाग धुणाऱ्या पोरालाही मराठीत समजावून सांगा. त्यातली प्रत्येक ओळ सर्वांत आधी त्याच्या कामाची आहे.