मोठ्ठा जिताडा म्हणजे 'ती'!

इन्स्टावर हा फोटो तुम्ही हमखास पाहिला असेल. खडकावर उभा असलेला एखादा दादा, रॉड खांद्याला टेकवलेला, दोन्ही हातांवर आडवा धरलेला हातभर लांब चंदेरी मासा आणि खाली कॉमेंट्सचा पाऊस, 'भावा, पार्टी कधी?' आजोबा गरवायला जायचे ते नुसती गरी आणि दोरी घेऊन. नातवाच्या बॅगेत आता स्पिनिंग रील, ब्रेडेड लाइन आणि लिपस्टिकच्या शेड्सना लाजवतील इतक्या रंगांचे लुअर असतात. पण खाडीकाठी दोघांचंही स्वप्न एकच. जिताडा!

घाटावरच्या मंडळींसाठी सांगते, गोव्यात हाच चोणक, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी. पण रायगडात त्याचा जो थाट आहे तो कुठेच नाही. पेण-अलिबागच्या खारेपाटात लोक पावसाळ्यात त्याची पिल्लं धरून घराजवळच्या तळ्यात सोडतात, वाढवतात आणि खास पाहुणा आला की बाहेर काढतात. साहेबांच्या घरी जिताडा पोचला की अडलेली फाइल हलते, हा किस्सा तर तिकडे कुणीही ऐकवेल.

आता तो सापडतो कुठे? खोल समुद्रात जायची गरज नाही. खाडीचं तोंड, कांदळवनातून बाहेर येणारे ओहोळ, पुलाचे खांब, जेट्टीची सावली, या त्याच्या जागा. कुंडलिकेचं मुख घ्या, अलीकडे रेवदंडा, पलीकडे कोर्लई. ओहोटी लागली की कांदळवनातलं पाणी उतरतं, त्याबरोबर बोय आणि कोळंबी बाहेर येते आणि हा पठ्ठ्या तोंडाशी दबा धरून बसलेला असतो. तो पाठलाग फारसा करत नाही. जबडा उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, 'भप्प' असा आवाज येतो. नंतर पाण्याबाहेर उडी मारून डोकं असं झटकतो की निम्मे जण तिथेच मासा घालवतात.

म्हणजे सगळा खेळ पाण्याच्या वेळेचा. अॅप आहेतच, पण कोकणातला जुना हिशोब माहीत असू द्या. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशोब ढोबळ आहे, दिवस ठरवायला पुरतो. खडकावर उतरण्याआधी मात्र भरतीचं वेळापत्रक बघाच आणि गावातल्या माणसाला विचारा. पाणी समोरून येताना दिसतं, मागची वाट कधी बुडाली ते कळत नाही. लाइफ जॅकेट घातलं म्हणून कुणाचा फोटो खराब होत नाही.

आता मुद्द्याचं. जवळपास प्रत्येक जिताडा आधी नर असतो. तीन-चार वर्षांत वयात येतो, काही हंगाम नर म्हणून जगतो आणि सहा-आठ वर्षांचा झाला की मादी होतो. म्हणजे फोटोत जो 'मोठ्ठा' दिसतो, तो बहुतेक वेळा ती असते. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी येऊन लाखो अंडी घालणारी. तिथवर पोचायला तिला इतकी वर्षं जाळी, गळ आणि प्रदूषण या सगळ्यांतून वाचावं लागलेलं असतं.

'लहान मासे सोडा' हे आपल्याला पटलेलं आहे. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान लांबी ठरवली, पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. उत्तम! पण जिताड्याच्या बाबतीत फक्त लहान सोडून भागत नाही. सगळे मोठे काढले तर उरतात नुसते नर. क्वीन्सलँडमध्ये म्हणूनच दोन टोकांचा नियम आहे, 58 सेंटीमीटरहून लहान आणि 120 सेंटीमीटरहून मोठा मासा घरी नेता येत नाही, परत सोडायचा.

ज्यांचं पोट मासेमारीवर आहे त्या कोळी बांधवांना 'मोठा सोडा' असं सांगायला मी जाणार नाही. तो हक्क मला नाही. पण आपण? आपण रविवारचे हौशी. आपला ईएमआय त्या माशावर चालत नाही. मग दोन-तीन किलोचा एक घरी न्यायला आणि दहा किलोची ती परत सोडायला काय हरकत आहे?

सोडायचं तर नीट सोडा, नाहीतर तो नुसता देखावा. गळाचा काटा, म्हणजे टोकामागचं उलटं दात, पक्कडीने आधीच दाबून टाका. हात ओले करा. कल्ल्यात बोटं घालू नका. कल्ल्याची कड ब्लेडसारखी असते, माशाचं आणि तुमचं दोघांचं रक्त निघेल. खडकावर आपटू देऊ नका, उभा टांगून धरू नका, पोटाखाली हात द्या. फोटो? काढा की, पण मित्राचा कॅमेरा आधी तयार हवा. मग प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवा. शेपटी जोरात मारली की हात सैल करा.

खायची हौस राहिलीच की, असं म्हणाल. तर चेन्नईच्या सीबा संस्थेने 1997 मध्येच जिताड्याचं बीज बंदिस्त जागेत तयार करून दाखवलं. आता शेतीतला जिताडा बाजारात येतो, त्याचं कालवण झकास होतं. कापणाऱ्या मावशींना एवढंच सांगा, डोकं टाकू नका. खारेपाटात पहिल्यांदा वाढतात ते तेच.