पंधरा दिवसांचा धीर

धनादेश न वटता परत आला, की पेढीवर पहिला शब्द उमटतो तो ‘फसवणूक’. बँकेने जोडलेल्या चिठ्ठीवरील कारण वाचण्याआधीच देणाऱ्याविषयीचा निवाडा झालेला असतो. मग दूरध्वनीवर आवाज चढतो, परत आलेल्या धनादेशाचे छायाचित्र व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर जाते आणि दोन पिढ्यांचा घरोबा एका दुपारी संपुष्टात येतो.

वस्तुतः धनादेश परत येण्याची कारणे अनेक आहेत. सही नमुन्याशी न जुळणे, अक्षरी व आकडी रकमेत तफावत असणे, तारीख पुढची असणे किंवा तीन महिन्यांची मुदत उलटणे, यांपैकी काहीही घडलेले असू शकते. खात्यात पुरेशी रक्कम नसणे हेही एक कारण. परंतु अनेकदा त्यामागे देणाऱ्याचीच वसुली कुठेतरी अडकलेली असते.

परिस्थितीकडे डोळेझाक करून दुसऱ्याच्या कृतीचे मूळ त्याच्या स्वभावात शोधण्याच्या या प्रवृत्तीला ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘मूलभूत कारणारोपण दोष’ या अर्थाचे नाव दिले. तिचा प्रत्यय जोन्स आणि हॅरिस यांच्या १९६७ च्या प्रयोगात आधीच आला होता. निबंधातील बाजू लेखकावर लादलेली होती, हे ठाऊक असूनही वाचकांनी ती बऱ्याच अंशी त्याचेच मत मानली. पेढीवरही तेच घडते. स्वतःचा धनादेश परत गेला तर ‘घाईत चूक झाली’. दुसऱ्याचा आला तर ‘त्याची नियतच खोटी’.

या बाबतीत कायदा माणसांहून संयमी आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधील कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास, धनादेशाच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी कठोर तरतूद आहे. तथापि धनादेश परत येताच गुन्हा पूर्ण होत नाही. बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी मागणी करावी लागते आणि ती पोहोचल्यावर देणाऱ्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात रक्कम चुकती झाली, तर या कलमाखाली खटला उभा राहत नाही. आधी मागणी, मग मुदत आणि शेवटी आरोप, असा हा क्रम आहे. संतापलेला माणूस आरोपापासूनच सुरुवात करतो.

याचा अर्थ येणे सोडून द्यावे असा नव्हे. नोटिशीची मुदत भिडेखातर चुकवणे हाही अव्यवहारच. प्रथम चिठ्ठीवरील कारण वाचावे, मग एकट्याला दूरध्वनी करून ‘काही अडचण आली का?’ एवढेच विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर मुदतीत रीतसर नोटीस धाडावी. समूहावर मात्र काही टाकू नये. रक्कम मागाहून जमा होते. चारचौघांत गेलेली पत जमा करण्याची सोय कोणत्याही खात्यात नसते.